चौथी जुलै आणि निखाऱ्यांचा चर

अमेरिकेत चौथ्या जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या, दुपारी कोणत्याही उपनगरातून फेरफटका मारला, तर घरोघरच्या परसातून धुराच्या रेषा वर चढताना दिसतात. तीन पायांच्या, झाकणाच्या गोल शेगडीपुढे एप्रन बांधून आणि लांब दांड्याचा चिमटा हाती घेऊन घरधनी जातीने उभा असतो, आणि एरवी वर्षभर स्वयंपाकघराचा उंबरा क्वचितच ओलांडणारा हा गृहस्थ त्या दिवशी मांसाचे तुकडे उलटण्याचा आपला अधिकार कोणालाही सहजासहजी देत नाही. हे दृश्य इतके सार्वत्रिक आहे की पाहणाऱ्याला ती त्या देशाची सनातन प्रथा वाटावी. वस्तुतः यजमानाने विस्तवापाशी स्वतः उभे राहण्याची ही रीत गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत रूढ झाली. त्यापूर्वी याच सणाचा विस्तव पिढ्यानपिढ्या बव्हंशी दुसऱ्यांनी फुंकला. आणि बार्बेक्यू नामक या संस्थेचा इतिहास मसाल्यांच्या व मांसप्रकारांच्या अंगाने लिहिण्यापेक्षा विस्तवापाशी कोण उभे होते व मेजापाशी कोण बसले होते, या अंगाने लिहिला, तर तो अधिक खरा उतरतो, असे माझे मत आहे.

मूळची विद्या तेथल्या आदिवासींची, याबद्दल विवाद नाही. १५८५ साली रोआनोक येथे वसाहत करण्यासाठी निघालेल्या इंग्रजांबरोबर जॉन व्हाइट नावाचा चित्रकार होता; त्याने काढलेल्या जलरंगचित्रांपैकी एकात चार खुंटांवर काटक्यांची माची रचलेली, तिच्यावर मासे पसरलेले आणि खाली विस्तव धुमसत असलेला स्पष्ट दिसतो. पुढे व्हर्जिनियात इंग्रजांचा जम बसला, त्यांनी जहाजांतून आणलेली डुकरे रानात मोकाट चरून बेसुमार वाढली, आणि आदिवासींच्या माचीवर युरोपीय डुक्कर चढले. हे लग्न कसे जुळले याचा तपशील मनोरंजक असला, तरी आपल्या विषयाला तेवढा आवश्यक नाही.

अठराव्या शतकात व्हर्जिनियातील तंबाखूच्या मळ्यांच्या जमीनदारांनी या मेजवानीला राजकारणाच्या सरंजामात बसवले. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या रोजनिशीत बार्बेक्यूला गेल्याच्या नोंदी आहेत. १७६९ सालच्या एका नोंदीप्रमाणे ते अलेक्झांड्रियाच्या बार्बेक्यूला जाऊन रात्रभर तेथेच राहिले होते. त्या काळी मत देणे म्हणजे सर्वांसमक्ष उमेदवाराचे नाव उच्चारणे असे, आणि मतदारांची सरबराई करणे हा उमेदवाराचा शिष्टाचार गणला जाई. १७५८च्या निवडणुकीत वॉशिंग्टन स्वतः लष्करी मोहिमेवर असल्यामुळे मतदानाला हजर नव्हते, परंतु त्यांच्या मुखत्यारांनी सुमारे १६० गॅलन रम, पंच, वाइन व बिअर मतदारांच्या घशाखाली उतरवून त्यांची गैरहजेरी भरून काढली व ते निवडून आले. याउलट जेम्स मॅडिसन यांनी १७७७ साली तत्त्व म्हणून असे पेयदान नाकारले आणि ते पडले! लोकशाहीच्या शिल्पकारांचे हे आद्य अनुभव आमच्याकडील निवडणुका पाहिलेल्या वाचकाला फारसे परके वाटू नयेत.

१८ सप्टेंबर १७९३ रोजी नव्या राजधानीत संसदभवनाची कोनशिला बसवण्यात आली. वॉशिंग्टन फ्रीमेसन पंथाचा विधीचा एप्रन बांधून या समारंभात अग्रभागी होते, तोफांची सलामी झाली, प्रार्थना झाल्या, आणि त्यानंतर सारी मंडळी एका विस्तीर्ण मांडवाकडे वळली. तेथे ५०० पौंडांचा एक आख्खा बैल भाजून तयार होता. तत्कालीन वृत्तपत्राने बैलाचे वजन टिपून ठेवले आहे. तो भाजला कोणी, हे टिपण्याची आवश्यकता मात्र बातमीदाराला वाटली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः दक्षिणेतील राज्यांत, चौथ्या जुलैचा कार्यक्रम ठरून गेला होता. पहाटे तोफ, मग मिरवणूक, मग कोणा प्रतिष्ठिताने मोठ्याने केलेले स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे वाचन, मग एका वकिलाचे प्रदीर्घ भाषण, आणि शेवटी झाडांच्या सावलीत लांबच लांब फळ्यांच्या मेजांवर भोजन व त्यानंतर मूळच्या तेरा वसाहतींच्या स्मरणार्थ एकामागून एक तेरा पेले. १८४०च्या अध्यक्षीय निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या व्हिग पक्षाने हाच साचा उचलून गावोगाव बार्बेक्यू आणि सफरचंदाची मादक सायडर यांचा असा सपाटा लावला की मतदार भाषणाला आला की भोजनाला, हे सांगणे कठीण व्हावे.

या भोजनाची तयारी आदल्या दिवशीच सुरू होई. झऱ्याजवळची सपाट जागा पाहून तेथे लांब चर खणत. पाहुण्यांची संख्या जितकी मोठी, तितका चर लांब. चरात सरळ लाकडे पेटवून त्यावर मांस धरणे हे अडाण्याचे काम समजले जाई. ओक किंवा हिकरी यांसारखे टणक लाकूड एका बाजूला स्वतंत्र आगटीत जाळावयाचे, ज्वाळा संपून लालभडक निखारे राहिले की ते फावड्याने उचलून चरात पसरावयाचे, आणि चरावर ओल्या लाकडाचे दांडे आडवे टाकून त्यांवर डुकरे, मेंढे, वासरे उभी चिरून पालथी मांडावयाची. आमच्याकडे हुरडा भाजताना आगटीची ज्वाळा बसेपर्यंत जो संयम ठेवावा लागतो, तोच येथे रात्रभर ठेवावा लागे. निखारे मंदावले की नवे आणून घालणे, चरबी ठिबकून भडका उडाला की तेवढीच जागा राखेने दाबणे, आणि काठीला चिंधी बांधून व्हिनेगर, मीठ, लाल मिरची व लोणी यांचे मिश्रण मांसावर पुनःपुन्हा फासणे, असे हे काम बारा-बारा तास आणि कधी त्याहूनही अधिक चाले. झोपी गेलेल्या एका माणसामुळे आख्ख्या परगण्याची मेजवानी करपू शकत असे.

ही जोखीम ज्यांच्या अंगावर टाकली जाई, ते बहुधा गुलाम होते. मळ्याच्या मालमत्तेच्या यादीत ज्यांची नावे बैल व नांगर यांच्या शेजारी किमतीसह लिहिली जात, त्यांच्यातच या विद्येचे खरे उस्ताद होते. एखाद्याची कीर्ती पसरली की शेजारचे मळेवाले त्याला मेजवानीपुरता भाड्याने मागून नेत, आणि मोबदला अर्थातच मालकाच्या खिशात पडे. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकन सरकारने दोन हजारांहून अधिक वृद्ध माजी गुलामांच्या जबान्या टिपून घेतल्या. त्या दप्तरात चाबकाच्या व ताटातुटीच्या हकिकतींबरोबरच रात्रभर चरापाशी जागून मांसावर कोणता लेप, किती वेळा फासला, याच्या आठवणीही आहेत. सत्तर वर्षांमागचा लेपातला जिन्नसही हे म्हातारे विसरलेले नव्हते. ज्यांना अक्षरओळख करून देणे कित्येक राज्यांत गुन्हा होता, त्यांचे शास्त्र असे मुखोद्गतच राहणार.

स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे वाचन मेजापाशी चालू असताना ते शब्द चरापर्यंत पोहोचत नसतील काय? मालक मंडळींनी हा प्रश्न स्वतःला फारसा विचारलेला दिसत नाही. १८०० साली रिचमंडजवळच्या गेब्रिएल नावाच्या गुलाम लोहाराने उठावाचा कट रचला. त्या कटाची जुळवाजुळव गुलामांच्या आपापसांतील बार्बेक्यूंत आणि प्रार्थनासभांत झाली, असे खटल्यातील साक्षींवरून निष्पन्न झाले. ३० ऑगस्टच्या रात्री प्रचंड पाऊस कोसळला, कट फुटला, गेब्रिएल फासावर गेला. १८३१ साली त्याच व्हर्जिनियात नॅट टर्नर याने जो उठाव केला, त्याच्यासाठी त्याने प्रथम चौथा जुलैच मुक्रर केला होता. परंतु तो स्वतः आजारी पडल्यामुळे तो दिवस टळला. अखेर २१ ऑगस्टच्या रविवारी त्याचे साथीदार रानातल्या एका तळ्याकाठी जमले, तेव्हा एकाने डुक्कर आणले होते, दुसऱ्याने ब्रँडी. मालकांच्या मेजवानीचे हे प्रतिबिंब संपले आणि त्या रात्री सुरू झालेल्या रक्तपाताने सारा दक्षिण मुलूख हादरला. कृष्णवर्णीयांच्या धार्मिक जमावांवर पुढच्याच वर्षी कायद्याने निर्बंध आले. गुलामीतून निसटून वक्ते झालेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८५२ साली रॉचेस्टर येथे स्वातंत्र्यदिनाचे भाषण करावयाचे मान्य केले, पण चौथा जुलै टाळून ते पाचव्या जुलैला केले आणि गुलामाच्या दृष्टीने या सणाचा अर्थ काय, हे श्रोत्यांना तोंडावर विचारले. तो प्रश्न निव्वळ वक्तृत्वाचा अलंकार नव्हता, हे टर्नरचा मुहूर्त ध्यानी घेतल्यावर कळते.

यादवी युद्धाच्या अखेरीस, १९ जून १८६५ रोजी, उत्तरेच्या सैन्यातील जनरल ग्रँजर यांनी टेक्ससमधील गॅल्व्हेस्टन बंदरात गुलामांच्या मुक्ततेचा हुकूम जाहीर केला आणि पुढच्या वर्षापासून टेक्ससच्या मुक्त झालेल्या लोकांनी त्या तारखेचा स्वतःचा सण सुरू केला. जाहीरनामा, भाषण, प्रार्थना, आणि चर. विधी तोच, परंतु या वेळी चरापाशी उभे राहणारे व मेजापाशी बसणारे एकच होते. अडचण एवढीच की गोऱ्यांच्या ताब्यातील सार्वजनिक जागा त्यांना मिळेनात. तेव्हा १८७२ साली ह्यूस्टनच्या माजी गुलामांनी वर्गणी जमवून दहा एकर जमीन विकत घेतली व तिला मुक्तीचे नाव दिले. ते उद्यान आजही आहे. नेमक्या पुढच्याच वर्षी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. त्या अर्पणपत्रिकेचा उल्लेख आपल्याकडे वारंवार होतो. ज्यांची मुक्तता झाली, ते लोक त्याच सुमारास सणाचा विस्तव पेटवण्यापुरती जमीन मिळवण्यासाठी पैसा पैसा जोडत होते, ही बाजू मात्र सहसा कोणी सांगत नाही. १९ जून हा दिवस संपूर्ण देशाची सुटी होण्यास २०२१ साल उजाडावे लागले.

विसाव्या शतकात चर आटत आटत परसातल्या शेगडीत कसा मावला, ही कथा यंत्रयुगाची आहे व ती थोडक्यात सांगता येते. हेन्री फोर्ड यांच्या मोटारींना त्या काळी लाकूड भरपूर लागे. मिशिगनमधील त्यांच्या कारखान्यात उरलेल्या ढलप्या व भुसा यांचा कोळसा करून, त्यात पिष्ट मिसळून, त्याच्या वड्या पाडण्यात येऊ लागल्या आणि त्या मोटारींच्या दुकानांतूनच विकल्या गेल्या. पुढे तो धंदा फोर्डांचे नातलग किंग्जफोर्ड यांच्या नावाने चालला. रात्रभर लाकूड जाळून निखारे करण्याचे श्रम अशा रीतीने पिशवीत बंद झाले. १९५२ साली शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यातील जॉर्ज स्टीफन यांनी, तेथे पाण्यात तरंगणाऱ्या बोयांसाठी घडवण्यात येणारा पत्र्याचा गोल मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय व वरच्याला मूठ बसवली आणि दोहोंत हवेची भोके ठेवली. वाऱ्यापावसाला न जुमानणारी ही झाकणाची शेगडी पाहून लोक प्रथम हसले. तिचा खरा गुण असा की निखारे दोन बाजूंना सारून मध्ये चरबीसाठी तसराळे ठेवले आणि झाकण लावले, की ती भट्टीचे काम देते. म्हणून नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगचा आख्खा टर्की पक्षीसुद्धा थंडीत उघड्यावर भाजणारे लोक निघाले. घरातली भट्टी पावाच्या व रताळ्यांच्या पदार्थांसाठी मोकळी राहते, असे ते त्याचे समर्थन करतात. धुराचा मोह हे खरे कारण असावे, असा माझा संशय आहे. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आता हीच शेगडी पेटवतात आणि तिच्यावर मक्याची कणसे व पनीर मांडताना शाकाहाऱ्यांची जाळी वेगळी राखण्याची दक्षता घेतात.

परंतु शेगडीला परस लागते, आणि परस कोणाला मिळाले? दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांसाठी सरकारी हमीच्या कर्जांवर जी उपनगरे झपाट्याने उभी राहिली, त्यांतील सर्वांत प्रसिद्ध जे लेव्हिटटाउन, त्याच्या सुरुवातीच्या भाडेपट्ट्यांतच घरात गोऱ्यांखेरीज कोणी राहता कामा नये, असे कलम होते. एप्रन बांधलेला हसतमुख घरधनी ज्या परसात उभा राहिला, त्या परसाचे कुंपण असे कागदोपत्री घातलेले होते.

१९६३च्या नोव्हेंबरात अध्यक्षपदी आलेले लिंडन जॉन्सन टेक्ससचे, म्हणजे चराच्या मुलखातले. त्यांनी आपली पहिली सरकारी मेजवानी पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर एरहार्ट यांना २९ डिसेंबरला बार्बेक्यूचीच दिली. थंडीमुळे ती ऐनवेळी स्टोनवॉल गावच्या शाळेच्या व्यायामशाळेत हलवावी लागली, आणि भाजलेल्या मांसावर हात मारल्यानंतर पाहुण्यांनी व्हॅन क्लायबर्न यांचे पियानोवादन ऐकले. याच जॉन्सन यांनी २ जुलै १९६४ रोजी, सणाच्या अवघे दोन दिवस आधी, नागरी हक्कांच्या कायद्यावर सही करून भोजनगृहांतला वर्णभेद बेकायदा ठरवला.

कायद्याला आव्हान देणाऱ्यांत एक बार्बेक्यूचेच दुकान होते. अलाबामातील बर्मिंगहॅमच्या ‘ओलीज बार्बेक्यू’मध्ये २२० गिऱ्हाइकांची बसण्याची सोय होती, आणि १९२७ साली ते उघडल्यापासून कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला तेथे मेजापाशी बसू दिलेले नव्हते, त्याने पुडा बांधून घ्यावा व चालू लागावे. आपला धंदा स्थानिक असल्यामुळे त्यात केंद्र सरकारला दखल देण्याचा अधिकार नाही, अशी मालकांची फिर्याद होती. १४ डिसेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने फेटाळली, आणि त्यासाठी मानवी समतेच्या तत्त्वापेक्षा दुकानाच्या हिशेबवहीचा आधार घेतला: वर्षभरात खरेदी केलेल्या सुमारे दीड लाख डॉलरच्या जिन्नसांपैकी ६९,६८३ डॉलरचे मांस परराज्यातून आले होते, सबब हा आंतरराज्यीय व्यापाराचा विषय ठरतो, आणि त्या व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार राज्यघटनेने केंद्राला दिलेला आहे. त्याच निकालपत्रात दुकानाच्या वर्णनाच्या ओघात आणखी एक आकडा नोंदलेला आहे. तेथे ३६ नोकर होते, आणि त्यांपैकी दोनतृतीयांश कृष्णवर्णीय होते.