धडधडत्या छातीवरचा इलाज : पडून राहण्यापासून सामोरे जाण्यापर्यंत

अमेरिकेतील यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन या लष्करी रुग्णालयात एका चमत्कारिक तक्रारीचे सैनिक येऊ लागले. छातीत धडधड, कळा, दम लागणे, चक्कर, झोपेचा बिघाड; आणि हृदय तपासावे तर दोष काही सापडत नसे. डॉ. जेकब दा कोस्टा यांनी अशा सुमारे ३०० सैनिकांची निरीक्षणे १८७१ मध्ये प्रसिद्ध केली. आज ती वाचताना चिंताविकाराच्या खुणा जागोजागी दिसतात. दा कोस्टा यांनी मात्र कारण शोधले ते मोहिमेवरचे अतिश्रम, ताप आणि अतिसार यांत. इलाजही त्याच अंगाचा होता : अंथरुणावर विश्रांती आणि डिजिटॅलिससारखी हृदयावरची औषधे.

याच रुग्णालयात काम केलेले डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी पुढे विश्रांतीलाच संपूर्ण उपचारपद्धतीचे रूप दिले. त्यांच्याकडे येणाऱ्या, ‘नसा थकलेल्या’ रुग्णांमध्ये बायकांचा भरणा मोठा होता. सहा ते आठ आठवडे बिछान्यावर पडून राहायचे, भरपूर दूध प्यायचे, घरच्यांना भेटायचे नाही, वाचन, लेखन, शिवणकाम बंद. हालचालीअभावी स्नायू सुकू नयेत म्हणून मालीश आणि विजेचे सौम्य झटके. लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांनी १८८७ मध्ये हा उपचार घेतला आणि त्याने आपण वेडाच्या काठावर पोहोचलो असे पुढे लिहून ठेवले. १८९२ मध्ये छापून आलेली त्यांची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा त्याच अनुभवातून आली. मिचेल यांचा हेतू वाईट नव्हता. पण घाबरलेल्या माणसाला जगापासून तोडले की त्याच्याजवळ घाबरण्याखेरीज काही उरत नाही, हे त्या पद्धतीला कधी उमगले नाही.

पहिल्या महायुद्धात हीच धडधड ब्रिटिश सैन्यात हजारोंच्या संख्येने दिसू लागली, तेव्हा हृदयतज्ज्ञ थॉमस लुइस यांनी वेगळी वाट धरली. हॅम्पस्टेड आणि नंतर कोलचेस्टर येथील रुग्णालयांत त्यांनी सैनिकांना खाटेवरून उठवून टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी कवायत करायला लावली. लुइस यांना मन नव्हे, हृदयाची क्षमता तपासायची होती. तरीही ज्या श्रमाने छाती धडधडते तेच श्रम थोडेथोडे करवून घेणे ही मोठी उलटापालट होती.

मनाच्या बाजूने तेच पाऊल उचलले मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी. त्यापूर्वी जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी १९२० मध्ये एका तान्ह्या मुलाच्या मनात पांढऱ्या उंदराची भीती मुद्दाम रुजवून दाखवली होती. ती काढून टाकण्याचे मात्र राहूनच गेले. जोन्स यांच्यापुढे होता पीटर, तीन वर्षांचाही न झालेला, सशाला घाबरणारा मुलगा. त्यांनी त्याला सशाला न घाबरणाऱ्या मुलांबरोबर खेळवले आणि पिंजऱ्यातला ससा खोलीत लांब ठेवला. मूल खेळत राहील इतकेच अंतर रोज कमी करायचे, रडू येण्याइतके नाही. बारा फूट, चार फूट, तीन फूट, मग अगदी शेजारी. पुढे ससा मोकळा. मध्यंतरी पीटर आजारी पडला, रुग्णालयातून परतताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला आणि जुनी भीती पुन्हा उसळली. जोन्स यांनी सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू केले, या वेळी त्याला आवडीचा खाऊ देत देत. अखेरीस पीटर सशाला बोटे कुरतडू देऊ लागला. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग कितीतरी वर्षे दुर्लक्षित राहिला. चिंतेच्या उपचाराच्या इतिहासात त्याच्याइतके साधे आणि मोलाचे काम क्वचितच झाले असेल.

त्याचे मोल ओळखले दक्षिण आफ्रिकेचे जोसेफ वोल्पे यांनी. दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर असताना, गुंगीच्या औषधांनी युद्धाचा धसका जात नाही हे त्यांनी पाहिले होते. १९५८ च्या ग्रंथात त्यांनी मांडलेली पद्धत अशी : आधी स्नायू सैल सोडायला शिकायचे, मग भीतीच्या प्रसंगांची सौम्य ते तीव्र अशी उतरंड करून एकेक प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा. पुढे लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात आयझॅक मार्क्स आदींना आढळले की कल्पनेपेक्षा प्रत्यक्ष सामना अधिक उपयोगी पडतो आणि स्नायू सैल करण्याची अटही आवश्यक नाही. मधल्या काळात १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम बाजारात आले. त्यांनी तातडीचा आराम दिला, आणि अनेकांना गोळीची सवयही लावली. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात ‘चिंता-मज्जाविकृती’ हे जुने सरसकट निदान मोडून तीव्र भीतीचे झटके आणि सततची काळजी असे वेगळे विकार झाले.

भीतीला सामोरे जाण्याचे हे ज्ञान दवाखान्याबाहेर नेण्याचे श्रेय ऑस्ट्रेलियाच्या डॉ. क्लेअर वीक्स यांच्याकडे जाते. तरुणपणी त्यांच्या धडधडीला क्षय समजून सक्तीची विश्रांती देण्यात आली आणि त्यांची प्रकृती आणखी ढासळली. आपण धडधडीलाच घाबरतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले ते पहिल्या महायुद्धातून परतलेल्या एका मित्राशी बोलताना. १९६२ च्या पुस्तकात त्यांनी वाचकांना सांगितले की पहिली भीती आपोआप उठते, दुसरी आपण तिच्यावर रचतो. सामोरे जा, स्वीकारा, तरंगू द्या, वेळ जाऊ द्या, एवढाच त्यांचा क्रम होता.

सामोरे जाण्याला विचारांची जोड दिली ती न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी. भाषण करण्याची आणि स्त्रियांशी बोलण्याची आपली तरुणपणची भीती त्यांनी तीच गोष्ट मुद्दाम वारंवार करून घालवली होती. प्रसंगापेक्षा त्याविषयीच्या हट्टी समजुती माणसाला जास्त छळतात, या भूमिकेवर त्यांनी १९५५ पासून आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभारली. समजूत पारखायची आणि भीतीचे काम गृहपाठ म्हणून करायचे, हे तिचे सूत्र. ही पद्धत मराठीत आणली ती मुख्यतः मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी. एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून त्यांनी ती आत्मसात केली आणि मराठी लेखनातून व अध्यापनातून समुपदेशकांपर्यंत पोहोचवली. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीने एलिस यांचे आयुष्य सर्वसाधारण मराठी वाचकासमोर आणले.