‘बेनेस्सेरे’चे मोजमाप

इटालियनमध्ये ‘बेनेस्सेरे’ म्हणजे शब्दशः ‘बरे असणे’. हाच शब्द सुबत्तेलाही लागतो आणि मालिश व वाफेच्या स्नानाच्या जागांच्या पाट्यांवरही दिसतो. मानसिक स्वास्थ्याची प्रश्नावली या भाषेत आणणाऱ्यांना मात्र त्यापलीकडचा, ॲरिस्टॉटलच्या विचाराजवळचा, म्हणजे नुसत्या सुखापेक्षा आपल्या क्षमता फुलवत चांगले जगण्याचा अर्थ हवा होता.

मूळ प्रश्नावली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल रिफ यांची. आजार नसणे म्हणजे स्वास्थ्य नव्हे, हा मुद्दा मारी याहोडा यांनी १९५८ मध्येच मांडला होता. रिफ यांनी १९८९ मध्ये त्याला मोजपट्टी दिली : स्वतःचा स्वीकार, जिव्हाळ्याचे संबंध, स्वायत्तता, परिस्थितीवरची पकड, जीवनाचा हेतू आणि व्यक्तिगत वाढ. प्रत्येक बाजूची २० विधाने होती. ती ३२१ जणांवर तपासली गेली. पुढे प्रत्येकी १४ विधानांची, एकूण ८४ची आवृत्ती रूढ झाली.

इटलीत ही प्रश्नावली रुजली ती रुग्णांच्या निमित्ताने. नैराश्य ओसरल्यावरही काही लक्षणे मागे रेंगाळतात आणि आजार उलटतो, हे बोलोन्या विद्यापीठातील जोव्हान्नी फावा यांच्या अभ्यासाचे सूत्र होते. त्यांनी १९९०च्या दशकात रिफ यांच्या सहा बाजूंवर एक उपचारपद्धती उभारली. रुग्णाने दुःखाची नव्हे, बऱ्या वाटलेल्या क्षणांची वही ठेवायची! अशा उपचाराचा परिणाम मोजायला लक्षणांची यादी अपुरीच पडणार. २००३ मध्ये कियारा रुइनी, फावा आणि सहकाऱ्यांनी इटालियन आवृत्तीचे प्रमाणीकरण प्रसिद्ध केले; लेखकांत खुद्द रिफही होत्या.

भाषांतरात बारीक अडचणी येतात. इंग्रजीतले ‘मी समाधानी आहे’ स्त्री-पुरुष दोघांना चालते. इटालियनमध्ये त्या विशेषणाचा शेवट लिंगानुसार बदलतो, म्हणून छापील अर्जावर दोन्ही रूपे द्यावी लागतात. नकारार्थी विधानांचे गुण उलटे धरायचे असतात. तिथे वाक्य गुंतागुंतीचे झाले की वाचणारा चुकीच्या रकान्यात खूण करतो. भाषा जमली तरी आकड्यांची परीक्षा उरतेच : एका बाजूची विधाने एकमेकांशी जुळतात का, आणि काही काळाने पुन्हा विचारल्यावर तीच माणसे साधारण तशीच उत्तरे देतात का.

सहा बाजू खरोखर वेगळ्या आहेत का, हा वाद मात्र मूळ इंग्रजी प्रश्नावलीपासूनचा आहे. २००६ मध्ये स्प्रिंगर आणि हाउझर यांनी अमेरिकेतील माहिती तपासून दाखवले, की त्यांतल्या चार बाजू एकमेकींत बऱ्याच मिसळतात. चांगल्या भाषांतराने हा दोष जात नाही. तो भाषेबरोबर नव्या देशात येतो.