धक्क्याआधीची सुरकुती

उभ्या नळीत वरून हवा आणि खालून सल्फर हेक्झाफ्लोराइड सोडतात. हा वायू हवेच्या पाचपट जड. दोन्ही मधल्या फटींतून बाहेर पडतात आणि तिथे त्यांच्यात एक सपाट सीमा तयार होते. नळी हलकेच झुलवली की ती सीमा नागमोडी होते. मग वरून आघाततरंग येतो. काही मिलिसेकंदांत जड वायूचे काटे हलक्या वायूत घुसतात, हलक्याचे बुडबुडे जड वायूत शिरतात आणि काट्यांच्या टोकांवर अळंबीच्या छत्र्या उमलतात. पूर्वी इथे पातळ पडदा लावत; त्याच्या चिंध्या प्रवाहात मिसळून मापन बिघडवत.

रॉबर्ट रिक्टमायर यांनी १९६० मध्ये हे गणिताने मांडले, येवगेनी मेश्कोव यांनी १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवले. म्हणून ही रिक्टमायर-मेश्कोव अस्थिरता. पालथ्या पेल्यातले पाणी सांडते, त्या रॅले-टेलर अस्थिरतेची ही बहीण. मात्र तिथे जड द्रव वर असावा लागतो; इथे धक्का कुठल्याही बाजूने आला तरी सुरकुती वाढतेच. दाब एका दिशेने वाढतो, घनता दुसऱ्या. दोन्ही दिशा जुळत नाहीत तिथे भोवरा जन्मतो.

सुरुवातीचा वाढीचा वेग मूळ सुरकुतीच्या उंचीच्या प्रमाणात असतो. माझ्या मते या क्षेत्राचे मर्म इथेच आहे: धक्का बसल्यावर हाती फार थोडे उरते, नियंत्रण त्याआधीच करावे लागते. कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लेझरच्या धक्क्यांनी दाबल्या जाणाऱ्या सुमारे २ मिलिमीटर व्यासाच्या इंधनगोळीवरचा सूक्ष्म खड्डाही म्हणूनच महागात पडतो. तिथे १९२ लेझर शलाकांचा पहिला धक्का अधिक जोरदार करून अस्थिरता कमी केली गेली. त्याची किंमत म्हणून इंधन थोडे कमी दाबले गेले. ५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाज्यूल लेझर ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल संलयन ऊर्जा मिळाली, तिच्यामागे अशा अनेक तडजोडी आहेत.

स्क्रॅमजेट इंजिनात मात्र हीच अस्थिरता हवीशी असते, कारण इंधन आणि हवा मिसळायला तिथे जेमतेम एक मिलिसेकंद मिळतो.

नव्या वाचकाला एकच विनंती. पहिले प्रकरण उघडण्याआधी कागदावर एक नागमोडी रेघ काढा आणि तिच्या प्रत्येक वळणावर दोन बाण काढा, एक दाबाचा, एक घनतेचा. पुढची समीकरणे त्या बाणांविषयीच बोलतात.