ठशापासून स्क्रीनपर्यंत: बारामती-इंदापूरचं रंगवलेलं कापड

नीरा आणि भीमा यांच्या मधल्या कोरडवाहू पट्ट्यात, बारामतीपासून नीरा नरसिंहपूरच्या संगमापर्यंत, रब्बीत ज्वारीच्या जोडीला करडई असायची. साधी करडई तेलाच्या घाण्यावर जाई. कमी काट्यांची, कुसुंब्याची करडई मात्र फुलासाठी लावत, कारण तिच्या पाकळ्यांना रंगाऱ्याकडे गिऱ्हाईक होतं.

कुसुंबा, म्हणजे या पाकळ्यांतला लाल रंग, काढणं हे सबुरीचं काम. वाळवलेल्या पाकळ्या पाण्यात पुन्हा पुन्हा तुडवून आधी पिवळा रंग धुऊन टाकायचा. मग पापडखाराच्या पाण्यात लाल उतरवायचा. त्यात लिंबाचा रस पडला की कापड गुलाबी धरू लागे, आणि पुन्हा बुडवलं की गडद होई. हा रंग उन्हाने आणि धुण्याने उडायचा, म्हणून पागोटी परत परत रंगवावी लागत.

छपाईचं गणित वेगळं. लाकडी ठशाने कापडावर रंग नव्हे, तर तुरटीचं पाणी किंवा लोखंड-गूळ कुजवून केलेला काळा काट उमटवत. कापड आल नावाच्या झाडाच्या मुळांच्या काढ्यात उकळलं की तुरटीच्या जागी लाल, लोखंडाच्या जागी काळा उठे. तोवर तुरटीची नक्षी नीटशी दिसतही नसे! असा पक्का रंग रसायन जाणणाऱ्यालाच साधे, आणि महाराष्ट्रात हे ज्ञान भावसार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाच्या आरंभाशी ज्यांचं नाव जोडलं जातं, त्या भाऊसाहेब जावळे यांना लोक ‘भाऊ रंगारी’ म्हणत. त्यांच्या घराण्याचा धंदा शालू रंगवण्याचा.

1868 मध्ये आलासारखा लाल रंग कोळशाच्या डांबरापासून प्रयोगशाळेत तयार झाला. बाजारात पुड्या आल्या, आलाची मुळं मागे पडली. भीमथडीत, म्हणजे याच पट्ट्यात, नीरा डाव्या कालव्याने ऊसही आला. करडई टिकली ती तेलासाठी.

2005 मध्ये केंद्राची एकात्मिक वस्त्रोद्योग उद्यान योजना सुरू झाली आणि तिच्यातून बारामतीच्या एमआयडीसीत हायटेक टेक्स्टाईल पार्क उभं राहिलं. सुनेत्रा पवार त्याच्या अध्यक्षा होत्या. कामगारांत बहुसंख्य महिला आहेत, आणि हे या पार्कचं सर्वांत मोठं देणं आहे. गावातल्या बाईला गावाजवळ, शिवणाच्या मशीनवर, पगाराचं काम मिळालं.

कापडावर स्वतःची खास नक्षी छापण्याचा प्रश्न मात्र इथून पुढे सुरू होतो. ठशाच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागे, तसाच आजच्या स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन लागतो. खर्च वसूल व्हायला लांबच लांब थान छापावं लागतं. डिजिटल यंत्र हा स्क्रीनच काढून टाकतं: संगणकावरची नक्षी थेट कापडावर, वीस-पंचवीस मीटरसुद्धा चालतात. छोट्या ब्रँडला स्वतःची नक्षी परवडते ती यामुळेच. शिवणकामाचे इतके हात जिथे तयार आहेत, तिथे नक्षी काढणाऱ्या मुलीही तयार व्हायला हव्यात. भीमथडीच्या करडईच्या फुलापासून त्यांनी सुरुवात केली, तर ती नक्षी इथलीच असेल.