श्रद्धा आणि जमाखर्च : पंडिता रमाबाईंच्या अर्थव्यवहाराविषयी

पंडिता रमाबाईंविषयी मराठीत झालेल्या लेखनात तीन विषय पुनःपुन्हा येतात: त्यांचे धर्मांतर, १८९३ चा शारदा सदनाचा वाद आणि विधवांसाठी त्यांनी केलेले कार्य. त्यांच्या पैशाविषयी मात्र क्वचितच कोणी लिहिते. संतचरित्रात पैशाचा उल्लेख जसा काहीसा ओशाळवाणा वाटतो, तसेच सुधारकांच्या चरित्रातही होत असावे. आमच्या मते रमाबाईंची श्रद्धा समजून घ्यायची असेल तर त्यांच्या जमाखर्चाकडे पाहण्यावाचून गत्यंतर नाही. १९०७ साली त्यांनी इंग्रजीत जे आत्मनिवेदन प्रसिद्ध केले, त्याच्या शीर्षकातच अक्षय भांडाराची साक्ष आहे. ज्या स्त्रीने एकदा भांडार पूर्ण रिकामे झालेले पाहिले होते, तिने हा शब्द निवडावा, ही गोष्ट आम्हाला विचार करायला लावते.

ते रिकामे भांडार तिच्या वडिलांचे होते. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्यापायी समाजाचा रोष पत्करला, ही हकिकत सुपरिचित आहे. सह्याद्रीतील गंगामूळ येथे त्यांनी आश्रम थाटला. विद्यार्थी आणि यात्रेकरू यांचा योगक्षेम चालवता चालवता ते कर्जात गेले आणि पुढे सारे कुटुंब तीर्थाटनाला बाहेर पडले. रमाबाई त्या वेळी तान्ह्या होत्या. यापुढे कुटुंबाची उपजीविका पुराणिकाची. देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण वाचायचे, आणि श्रोत्यांनी पोथीपुढे फुले, फळे, धान्य, नाणे जे काही ठेवले त्यावर निर्वाह करायचा. पुराणिक कोणाजवळ मागत नाही. देणारा आपणहून देतो. निर्वाहाला पुरून जे उरे ते दानधर्मात जाई. देवाला दिले, ब्राह्मणाला दिले म्हणजे ते वाया जात नाही, देव ते परत देतोच, हा या व्यवहारामागचा विश्वास.

१८७० नंतरच्या दशकात दक्षिणेतील दुष्काळाने हा विश्वास कसाला लावला. १८९७ साली लिहिलेल्या दुष्काळाच्या आठवणींत रमाबाईंनी त्या दिवसांचा हिशेब सांगितला आहे. जमीनजुमला गेला, दागिने गेले, भांडीकुंडी विकली गेली. अनुष्ठाने, उपास, दक्षिणा यांवर उरलेसुरले खर्ची पडले, पण देव प्रसन्न झाला नाही. अखेर तिरुपतीनजीकच्या अरण्यात अकरा दिवस झाडपाल्यावर काढल्यानंतर वडिलांनी जलसमाधीचा निश्चय केला. त्या वेळी थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला, की जातीचा अभिमान सोडून आपण मजुरी करू आणि आईवडिलांना जगवू. जलसमाधीचा विचार मागे पडला; पण उशीर झाला होता. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली. आई अखेरच्या आजारात असताना शेजारणीकडे भाकरीचा तुकडा मागायला गेलेल्या मुलीची जीभ रेटेना. तुकडा मिळाला, पण तो खाण्याची शक्ती आईत उरली नव्हती.

येथे थोडे थांबायला हवे. भावाच्या त्या एका वाक्यात या कुटुंबाच्या अर्थव्यवस्थेतील नेमकी उणीव सांगितली गेली आहे. डोंगऱ्यांच्या घरी विद्या होती, सचोटी होती, औदार्य होते आणि श्रद्धा तर अपार होती. नव्हते ते काम. हाताने करायचे, मोबदला मिळवून देणारे काम त्यांना येत नव्हते आणि येऊ नये अशीच जातीची अपेक्षा होती. रमाबाईंनी स्वतः आपल्या घरावर आलेल्या संकटाचा अर्थ लावताना खोट्या देवांवर विसंबल्याचा दोष दिला आहे. साक्ष म्हणून ते मत त्यांचे आहे आणि त्याचा आदर केला पाहिजे. पण पुढील आयुष्यात त्यांनी जे केले ते पाहिले, तर भावाचे ते वाक्य त्या कधीच विसरल्या नाहीत असे दिसते.

१८८२ मध्ये बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. पदरी मनोरमा होती. कोणाच्या आश्रयाला जाण्याऐवजी त्यांनी पुण्यात 'स्त्रीधर्मनीति' लिहिले, आणि त्या पुस्तकाच्या विक्रीतून विलायतेच्या प्रवासाचे भाडे उभे केले. वाँटेज येथील मठात राहताना त्यांची अट अशी, की आपण भगिनींना मराठी शिकवू आणि त्या बदल्यात इंग्रजी शिकू. बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ चा. त्यानंतरही ही वृत्ती पालटली नाही. चेल्टनहॅमच्या काळात धर्मगुरूंशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात जो ताठा दिसतो, त्याला धर्मशास्त्राइतकेच आर्थिक स्वातंत्र्याचेही कारण होते. ज्याचे अन्न खावे त्याचे मत मानावे लागते, हे कोकणीकर्नाटकी ब्राह्मण घरातील मुलीला वेगळे सांगायला नको होते.

अमेरिकेने त्यांना दुसरी गोष्ट शिकवली. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोनअडीच वर्षे राहिल्या. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, आणि पुन्हा एकदा पुस्तकाने भांडवल पुरवले. त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. या संस्थेने दहा वर्षे मदतीचे वचन दिले. अमेरिकेच्या लोकस्थितीवर रमाबाईंनी १८८९ साली जे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात तेथील स्त्रियांच्या संस्थांविषयी त्यांना वाटणारे कौतुक ठायीठायी दिसते. दान ही आपल्याकडे क्षणाची ऊर्मी होती. वर्गणी, समिती, इतिवृत्त आणि वार्षिक हिशेब यांनी बांधलेले दान त्यांनी तेथे पाहिले. गंगामूळच्या आश्रमात नेमके हेच नव्हते.

परंतु बांधलेल्या दानाला अटीही असतात. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले आणि पुढल्या वर्षी पुण्यास हलवलेले शारदा सदन धर्मनिरपेक्ष राहील, हे अमेरिकेतील देणगीदारांना दिलेले वचन होते. रमाबाई स्वतः प्रार्थना करीत, त्यांच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसत. हे वचनभंग आहे की नाही यावर १८९३ मध्ये जे रान पेटले, त्यात रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या प्रकरणाची चर्चा नेहमी धर्मांतराच्या अंगाने होते. आम्हाला त्यात अर्थव्यवहाराचा जुना पेचही दिसतो. एका हाताने निधर्मी संस्थेसाठी घेतलेला पैसा आणि दुसऱ्या हाताने जोडलेली वैयक्तिक श्रद्धा यांची खाती वेगळी ठेवायची कशी? पुण्याच्या सनातन्यांचा हेतू शुद्ध नव्हता असे मानले, तरी प्रश्न खोटा नव्हता. आणि रमाबाईंनाही तो जाणवत असला पाहिजे, कारण त्यांचे पुढचे पाऊल या पेचातून सुटण्याचे होते.

या सुमारास त्यांच्या वाचनात जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र आले. म्यूलर हे मूळचे प्रशियातील धर्मोपदेशक. १८३० मध्ये त्यांनी चर्चच्या आसनभाड्यातून मिळणारे ठरीव वेतन सोडले. १८३६ मध्ये ब्रिस्टल येथे तीस मुलींचे अनाथगृह काढले आणि १८९८ मध्ये मृत्यू येईतो दहा हजारांवर अनाथांचा सांभाळ केला. कोणाजवळ पैसा मागायचा नाही, कर्ज काढायचे नाही, गरज फक्त देवाला सांगायची, हा त्यांचा नेम. पण या नेमाला एक दुसरी बाजू होती आणि आमच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. आलेल्या प्रत्येक देणगीची पावती दिली जाई आणि दरवर्षी तपशीलवार हिशेब छापून प्रसिद्ध होई. देवावर हवाला ठेवणारा हा माणूस माणसांना मात्र पैपैचा जाब देत होता. मराठी बायबलात धन्याची मालमत्ता सांभाळणाऱ्याला 'कारभारी' म्हटले आहे. हा शब्द आपल्याला पेशवाईच्या कागदांतून चांगला ठाऊक आहे. कारभारी मालक नसतो, म्हणूनच त्याला हिशेब चुकत नाही.

टीकाकारांनी म्यूलर यांना विचारले होते, आणि आजच्या वाचकालाही विचारावेसे वाटेल, की छापील अहवाल हीच एक प्रकारची याचना नव्हे काय? आक्षेप निरुत्तर करणारा नसला तरी रास्त आहे. मुक्ति मिशनचे 'मुक्ति प्रेयर बेल' हे पत्र देशोदेशी जात असे, आणि ते वाचून पैसे येत, हे उघड आहे. न मागणे आणि न सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुराणिकही मागत नसतो, पण पोथी चारचौघांत उघडतो.

मग पिता आणि कन्या यांच्यात फरक कोणता? दोघांनीही याचना टाळली, दोघांनीही उद्याची चिंता देवावर सोपवली. फरक केडगावच्या जमिनीत आहे. अमेरिकेचे वचन दहा वर्षांचे, ते १८९८ मध्ये संपणार, हे रमाबाईंना माहीत होते. म्हणून मुदत संपण्यापूर्वीच त्यांनी पुण्याजवळ केडगावला शेतजमीन घेतली, विहिरी खोदवल्या. फळबागेच्या उत्पन्नावर सदन स्वावलंबी व्हावे हा हेतू होता. मुदत संपण्याआधीच १८९६-९७ च्या दुष्काळाने हिशेब बदलला. मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगाच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवता येईना, तेव्हा हीच जमीन कामी आली. १८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेला जाऊन आल्या आणि शारदा सदनाची मदत नव्या व्यवस्थेने चालू राहिली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात 'मुक्ती'ची प्रतिष्ठापना झाली, आणि तिच्यासाठी मात्र कोणाचेही ठरीव वचन नव्हते. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील मुली व स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या दोन हजारांना केवळ प्रार्थना शिकवली गेली नाही. शेती, गाईगुरे, विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना अशी कामे मुक्तीत उभी राहिली. ज्या घरात हाताने काम करणे कमीपणाचे मानले म्हणून आईबाप उपाशी मेले, त्या घरातल्या मुलीने हजारो मुलींना आधी हाताचे काम दिले. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या भाषांतराचे खिळे जुळवणाऱ्या आणि फर्मे छापणाऱ्या याच बाया होत्या. ते संपूर्ण भाषांतर रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ साली बाहेर पडले.

याच काळातला दुसरा संसार मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांना अधिक परिचित आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनावरही पाणी सोडले. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो, पण त्या हसण्याखाली एक प्रश्न सतत वाहत असतो: एकाच्या निःसंगतेची किंमत घरात कोण मोजते? लक्ष्मीबाईंनी टिळकांवर फिर्याद केलेली नाही; चूल पेटवण्याची जबाबदारी कोणावर होती एवढे फक्त त्या सांगतात. अनंतशास्त्र्यांच्या घरातही हा प्रश्न होता, आणि शेजारणीच्या दारात उभ्या राहिलेल्या मुलीने त्याचे उत्तर दिले होते.

साक्षीच्या वाङ्मयाची एक मर्यादा येथे लक्षात घेतली पाहिजे. ज्यांची प्रार्थना फळाला आली तेच साक्ष लिहितात. ज्यांची आली नाही ते सहसा लिहायला उरत नाहीत. रमाबाईंचे वेगळेपण असे, की त्यांनी दोन्ही साक्षी लिहिल्या. एक फळलेल्या विश्वासाची, मुक्तीची. दुसरी न फळलेल्या विश्वासाची, तिरुपतीच्या अरण्याची. दोहोंमधला फरक त्यांच्या लेखी देवाचा होता. त्या श्रद्धेचा निवाडा करण्याचा अधिकार इतिहासाच्या वाचकाला नाही. पण त्यांची कृती वाचण्याचा अधिकार आहे, आणि ती कृती सांगते की विहीर खोदल्यावाचून, हाताला काम दिल्यावाचून आणि हिशेब ठेवल्यावाचून त्यांनी देवावर भार टाकला नाही. जे आपल्याला करता येते ते करून झाल्यावर उरलेली चिंता देवाची, एवढीच त्यांच्या विश्वासाची जागा होती.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे वारल्या. मनोरमा त्यांच्या आधी, १९२१ मध्येच गेली होती. वारसदार म्हणून रक्ताचे कोणी उरले नव्हते. संस्था मात्र उरली, आणि ती पुढेही चालत राहिली. अनंतशास्त्र्यांनी होते नव्हते ते सारे देऊन टाकले आणि मागे एक शिकलेली मुलगी ठेवली. त्यांच्या जमाखर्चात जमेच्या बाजूला एवढी एकच नोंद होती, आणि ते अरण्यात होते तेव्हा तिचे मोल त्यांना कळण्याचा काही मार्ग नव्हता.