स्मिथ, आर्ट

स्मिथ, आर्ट : (१९१७–१९८२). आधुनिक अमेरिकन अलंकारकलेतील अग्रगण्य स्वतंत्र धातुकलावंत. जन्म क्यूबात, जमैकन कुटुंबात, बालपण ब्रुकलिनमध्ये. न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये कलाशिक्षण घेऊन त्यांनी दागिने घडविणाऱ्या विनिफ्रेड मेसन यांच्याकडे काम केले. १९४६ मध्ये ग्रेनिच व्हिलेजमध्ये स्वतःचे दुकान काढले. तांबे, पितळ व चांदी यांचे पत्रे आणि तारा ठोकून, वाकवून ते मोठे, वळणदार, असममित दागिने घडवीत. धातूच्या वळणांमधली मोकळी जागा आणि तीतून दिसणारी त्वचा हाही त्यांच्या रचनेचा घटक असे. त्यामुळे हे दागिने अंगावर चढल्यावरच पूर्णत्वास जातात. टॅली बीटी यांच्यासारख्या कृष्णवर्णीय नृत्यदिग्दर्शकांसाठी काम करताना त्यांच्या आकारांना रंगमंचीय भव्यता आली. ब्रुकलिन म्यूझियममध्ये २००८ साली त्यांच्या अलंकारांचे प्रदर्शन झाले. (पहा : अलंकार, काल्डर, अलेक्झांडर, धातुकलाकाम).