टोफूची कुळकथा : सोयाबीन ताटात कसे आले?



सोयाबीनची रास झाली की आपण पोती भरतो आणि गाडी बाजाराला लावतो. घरात पायलीभरही ठेवत नाही. विचारलं तर माणसं म्हणतात, "त्याला वास येतो, पोटाला जड पडतं." तक्रार खरी आहे. पण हे पीक मूळचे चीनचे. तिथल्या लोकांनी यावर काय तोड काढली, ते बघा.

त्यांनी दाणे भिजवले, जात्यावर पाणी घालून वाटले, त्याचे दूध उकळले आणि नासवून दाबले. आपण पनीर करतो ना, तसेच. हाच टोफू. लिऊ आन नावाच्या राजपुत्राने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तो शोधला अशी दंतकथा आहे. पुरावा मात्र नाही. लेखी उल्लेख इ.स. ९६५ च्या सुमाराचा, ताओ गू याच्या नावावरील पुस्तकात आहे. एक काटकसरी अधिकारी मांसाऐवजी रोज टोफू घ्यायचा, म्हणून लोकांनी टोफूला मटणाचेच नाव दिले!

दूध नासवायला चीनमध्ये जिप्सम वापरत, जपानमध्ये मीठ काढल्यावर उरलेले कडवट पाणी. जपानात इ.स. ११८३ मध्ये नारा येथील कासुगा देवस्थानच्या नोंदीत टोफू आढळतो. मांस वर्ज्य असलेल्या बौद्ध मठांत तो रुजला. १७८२ साली ओसाका येथे टोफूचे शंभर प्रकार सांगणारे पुस्तकच निघाले.

आपल्याकडे काय झाले? १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन जेवणात घेऊन पाहिले गेले. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिले. पुढे १९६० नंतर जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतले पिवळे वाण आणून पाहिले. विदर्भ-मराठवाड्यात पीक पसरले, पण ते तेलासाठी आणि पेंडीसाठी. पीक आले, ते खाण्याची कला मागेच राहिली. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात, आणि ती आपल्या लेकरांच्या ताटात न येता बाजारात जातात.

मग एकदा करूनच बघा. पाव किलो स्वच्छ दाणे रात्रभर भिजवा, साले काढा, कढत पाण्यात वाटा. वास कमी येतो. एकूण दोन लिटर पाणी पुरते. फडक्याने गाळून दूध सतत ढवळत पंधरा मिनिटे चांगले उकळा. कच्च्या सोयाबीनमधला पचन अडवणारा अंश उकळल्यानेच निकामी होतो, म्हणून इथे घाई नको. उतरवून थोडे निवले की दोन लिंबांचा रस पाण्यात मिसळून हळूहळू घाला. फाटले की फडक्यात बांधून वर वजन ठेवा. चोथा थालीपिठात शिजवून वापरा.

टोफूला स्वतःची चव कमी. मसाला तो छान धरतो. मीठ-हळद लावून तव्यावर खरपूस परता, मग कांद्याच्या रश्शात किंवा पालकात सोडा. कुस्करून भुर्जीही होते. दोन दिवसांत संपवा.

दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा : बीजप्रक्रिया केलेले दाणे खाण्यात कधीही घेऊ नका, आणि चोपण जमिनीत टाकायचे जिप्सम स्वयंपाकात वापरू नका.

पुढच्या सुगीला पोती शिवण्याआधी घरासाठी पायलीभर सोयाबीन बाजूला काढा. पिकवणाऱ्याच्या घरी त्याचा पहिला घास पडू द्या.